थर्मल कॅमेऱ्यानं तपासणी: शिबिरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावांमध्ये आम्ही पाय तपासण्याची शिबिरं घेतो. येणाऱ्यांत बहुतेक शुगरवाले असतात, काही कुष्ठरोगातून बरे झालेले पण पाय बधिर राहिलेले. वजनकाटा, बीपीचं मशीन, बधिरता पाहायला तळपायाला टेकवायचा नायलॉनचा जाड धागा आणि हातात मावेल एवढा थर्मल कॅमेरा, इतकंच सामान सोबत असतं. लोकांची नजर आधी कॅमेऱ्यावरच जाते आणि प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे लिहून काढले आहेत. या कॅमेऱ्याचा उपयोग मला मनापासून पटलेला आहे. त्याच्या नावावर काही ठिकाणी जे सांगितलं जातं त्याची काळजीही तितकीच वाटते. म्हणून दोन्ही बाजू सांगते.

हा कॅमेरा पाहतो तरी काय? शरीराच्या आतलं दिसतं का?

आतलं दिसत नाही. हा एक्स-रे नाही आणि सोनोग्राफीही नाही. कॅमेरा फक्त कातडीवरची उष्णता पाहतो.

आपल्या अंगातून उष्णता सतत बाहेर पडत असते आणि तिचा मोठा भाग इन्फ्रारेड किरणांच्या रूपात जातो. मराठीत त्यांना अवरक्त किरण म्हणतात. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण पारा तिथेच सगळ्यात जास्त चढला. माणसाच्या कातडीतून निघणारे किरण 9 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जोरदार असतात. आमचा कॅमेरा 8 ते 14 मायक्रॉनचे किरण टिपतो. त्याचं भिंग काचेचं नसून जर्मेनियम या धातूसारख्या पदार्थाचं असतं, कारण साधी काच हे किरण अडवते. तुम्ही चष्मा लावून समोर बसलात तर फोटोत डोळ्यांच्या जागी दोन गडद गोल दिसतात. कापडही अडवतं, म्हणून मोजे किंवा लुगडं दूर केल्याशिवाय खालच्या कातडीचं काहीच कळत नाही.

आत सूज आली, पू झाला किंवा हाडाला इजा झाली की वरच्या कातडीचं रक्ताभिसरण बदलतं आणि ती जागा आजूबाजूपेक्षा गरम होते. रक्तपुरवठा कमी झाला तर गार पडते. कॅमेऱ्याला एवढंच कळतं. ती जागा का तापली हे त्याला कळत नाही. ते हातानं, डोळ्यानं आणि पुढच्या तपासण्यांनी शोधावं लागतं.

किरणांचा त्रास होतो का? गरोदर बाईचा फोटो काढला तर चालतो का?

चालतो. कॅमेरा अंगावर काहीच सोडत नाही. तुमच्याच अंगातून निघणारी उष्णता तो टिपतो. दुखत नाही, स्पर्शही होत नाही.

कोरोनात कपाळावर धरायचे ती बंदूक आणि हा कॅमेरा एकच का?

तत्त्व एकच आहे. बंदूक एका जागेचं तापमान सांगते. 160 बाय 120 क्षमतेचा कॅमेरा एका फोटोत 19,200 जागांचं तापमान सांगतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. यातल्या साध्या कॅमेऱ्यांचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा 2 अंशांनी इकडे-तिकडे असू शकतो. मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? कापसाच्या मोजणीचा काटा आठवा. काटा दोन किलोनं चुकत असला, तरी दोन गाठोड्यांतलं जड कोणतं हे तो बरोबर सांगतो. तसंच इथे. एकाच फोटोतल्या दोन जागांमधला अगदी बारीक फरकही कॅमेरा टिपतो. म्हणून आम्ही डावा पाय उजव्याशी ताडून पाहतो. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. ताप आहे की नाही हे पाहायला काखेतला किंवा जिभेखालचा थर्मामीटरच वापरा.

फोटोत लाल दिसलं म्हणजे रोग आहे का?

नाही. हे रंग खरे नसतात, मशीननं भरलेले असतात. कोणत्या आकड्याला लाल म्हणायचं आणि कोणत्याला निळं, हे कॅमेऱ्याच्या सेटिंगवर ठरतं. तोच पाय 28 ते 36 अंशांच्या पट्टीत हिरवा दिसेल आणि 25 ते 31 अंशांच्या पट्टीत लालभडक. रिपोर्टवर रंगांची पट्टी आणि तिचे आकडे छापलेले नसतील, तर त्या फोटोवरून काहीच ठरवू नका.

आणखी एक. जोडवी, तोरड्या, चांदीचं कडं फोटोत जवळजवळ काळं दिसतं. बायका घाबरतात, बोटाचं रक्त थांबलं की काय म्हणून. तसं काही नसतं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी सोडतो, म्हणून कॅमेऱ्याला तो गार वाटतो. कातडी मात्र जवळजवळ पूर्ण सोडते. तपासणीपुरती जोडवी काढता आली तर बरं, नाहीतर आम्ही तेवढी जागा सोडून वाचतो.

"मले काही दुखत नाही, मंग पाय कायले पाहता?"

हा प्रश्न ज्यानं विचारला, त्याचाच पाय मी आधी पाहते.

शुगर बरीच वर्षं राहिली की पायाच्या नसा मरत जातात. खडा रुतला, चपलेचा खिळा वर आला, चुलीजवळ पाय भाजला, तरी कळत नाही. माणूस त्याच जागेवर रोज हजारो पावलं टाकत राहतो. आत मांस चेचलं जातं, तापतं, आणि मग एक दिवस कातडी फुटते. कातडी फुटण्याआधी काही दिवस ती जागा गरम असते. ते दिवस हातचे जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून हा कॅमेरा.

आपल्या भागाला बधिर पाय नवा नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन, इथे कुष्ठरोग्यांच्या पायाच्या जखमा बऱ्या करण्यात लोकांची आयुष्यं गेली आहेत. बधिर पायाची उष्णता मोजायची कल्पनाही कुष्ठरोगाच्याच कामातून पुढे आली. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड 1960 च्या दशकात अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे बधिर पायांवरच्या गरम जागा थर्मोग्राफीनं, म्हणजे उष्णतेचे फोटो काढून, शोधू लागले. पेशंटला दुखणं सांगता येत नाही, तेव्हा ते उष्णतेकडून जाणून घ्यायचं असा त्यांचा विचार होता.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शिबिरात एक काका आले होते. शुगर दहा वर्षांची. चालत आले, लंगडत नव्हते. फोटोत दोन्ही तळपाय हिरवट-पिवळे होते, फक्त डाव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा पांढरा, म्हणजे आमच्या पट्टीत सगळ्यात गरम, डाग दिसत होता. तिथे 33.4 अंश, उजव्या पायाच्या त्याच जागेवर 30.1. कातडी पाहिली तर जखम नाही, फक्त जाड घट्टा. घट्टा हळूहळू तासत गेले तेव्हा पुवाचा एक थेंब आला आणि त्याच्यामागून तांदळाच्या दाण्याएवढं बाभळीच्या काट्याचं टोक. "काटा कधी रुतला?" विचारलं तर म्हणाले, "आठवतच नाही जी." आठवणार कसं, त्यांना तो कळलाच नव्हता.

किती फरक आला की धोका समजायचा?

दोन्ही पायांच्या सारख्याच जागांमध्ये 2.2 अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक असेल आणि तो दुसऱ्या दिवशीही राहिला, तर सावध व्हायचं. पायावरचा भार कमी करायचा आणि डॉक्टरला दाखवायचं.

हा आकडा अमेरिकेतल्या अभ्यासांमधून आला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धोका जास्त असलेल्या 225 मधुमेही पेशंटना 18 महिने पाहिलं. नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी 12.2 टक्के लोकांच्या पायाला जखम झाली. रोज पायाचं तापमान मोजणाऱ्यांत हेच प्रमाण 4.7 टक्के होतं. पुढे नेदरलँड्समध्ये 2021 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात फायदा इतका ठळक दिसला नाही. पण गरम जागा सापडल्यावर ज्यांनी चालणं खरोखर कमी केलं, त्यांच्यात जखमा कमी झाल्या.

आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. फोटो काढायला दोन मिनिटं लागतात. पंधरा दिवस पाय टेकू नका, हे दिवाळीनंतर शेतकऱ्याला सांगायचं कसं? त्या काकांनी मला सरळ विचारलं, "कापूस फुटून लोंबला हाये, वेचनार कोन?" मजूर मिळत नव्हते आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. शेवटी घरच्यांना बोलावलं. काकूंनी तोडगा काढला: काका धुऱ्यावर बसून कापूस मोजतील, वेचणी सून आणि मुलगा करतील. आम्ही घट्ट्याभोवती जाड फेल्ट चिकटवली, म्हणजे त्या जागेवर भार येणार नाही. कुष्ठरोगाच्या कामात वापरतात ती मऊ तळव्याची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल दिली. दोन आठवड्यांनी फरक 0.8 अंशावर आला. घरातला माणूस या बोलण्यात नसेल तर फोटोचा काहीच उपयोग होत नाही, असं आता मला ठामपणे वाटतं. म्हणून शिबिराला एकटं येऊ नका.

पाय सुजला, गरम आहे, पण जखम नाही. मुरगळला असेल का?

शुगर असेल आणि नसा बधिर असतील तर मुरगळला म्हणून सोडून देऊ नका. हा चारकोट पाय असू शकतो. त्यात हाडं आतल्या आत मोडत असतात, पेशंटला दुखतही नाही, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसेलच असं नाही. तेल लावून चोळत राहिलं तर पायाची कमान खचते आणि तळवा होडीसारखा होतो. वेळेत प्लास्टर घातलं तर पाय वाचतो. प्लास्टर कधी काढायचं हे ठरवतानाही दोन्ही पायांच्या तापमानातला फरक कामाला येतो.

फोटो सारखा आला म्हणजे पाय चांगला ना?

तसं धरून चालू नका. दोन्ही पायांना सारखीच इजा असेल तर फरक दिसत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या असतील तर आत पू असूनही पाय तापत नाही, कारण तापायला लागणारं रक्तच तिथे पोचत नाही. तंबाखू खाणाऱ्या, बिडी ओढणाऱ्या माणसांत हे बरेचदा दिसतं. म्हणून फोटोसोबत आम्ही पायाची नाडी हातानं पाहतो आणि बोटांच्या बेचक्या उघडून पाहतो.

या कॅमेऱ्यानं स्तनाचा कॅन्सर कळतो का? एका शिबिरात तसं सांगितलं होतं.

या प्रश्नाचं उत्तर घाईनं वाचू नका, विशेषतः बायकांनी.

ही कल्पना जुनी आहे. 1956 मध्ये मॉन्ट्रियलचे डॉ. रे लॉसन यांनी नोंदवलं की स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीवरची कातडी बाकीच्या कातडीपेक्षा गरम असते. त्यातून मोठ्या आशा निर्माण झाल्या. 1970 च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या मोठ्या तपासणी मोहिमेत मॅमोग्राफीसोबत (स्तनाचा एक्स-रे) थर्मोग्राफीही ठेवली होती. पण ती इतके कॅन्सर चुकवत होती की मध्येच बंद करावी लागली. सगळ्याच गाठी गरम नसतात, आणि खोलवरच्या गाठीची उष्णता कातडीपर्यंत पोचतेच असं नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईचं किंवा पाळी जवळ आलेल्या बाईचं स्तन एरवीही गरम असू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकानं 1982 मध्ये थर्मोग्राफीला परवानगी दिली ती मॅमोग्राफीच्या जोडीला वापरण्यापुरती. तिच्याऐवजी वापरू नका, असं त्यांनी पुढे अनेकदा जाहीर बजावलं आहे.

भारतात अलीकडे कॉम्प्युटरच्या मदतीनं हे फोटो वाचायचे प्रयत्न चालू आहेत. बंगळूरच्या निरामई या कंपनीचं काम त्यापैकीच. हात न लावता, मशीनमध्ये न दाबता तपासणी होते म्हणून लाजणाऱ्या बायका पुढे येतात. हा फायदा मी कमी लेखत नाही. पण फोटो नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

हे इतक्या कळकळीनं सांगण्याचं कारण आहे. एका ताईंना उजव्या स्तनात गाठ लागत होती. कुणीतरी भरवलेल्या शिबिरात त्यांचा थर्मल फोटो काढला आणि हिरवा रंग दाखवून काळजी नको म्हणून सांगितलं. गाठीला हात लावून कुणीच पाहिलं नाही. आठ महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा काखेतही गाठी होत्या. उपचार चालू आहेत आणि त्या धीरानं घेत आहेत. पण ते आठ महिने परत मिळणार नाहीत.

हातानं केलेल्या तपासणीचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. त्यासाठी कोणताही कॅमेरा लागला नाही. सरकारी कार्यक्रमातही 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरलेली आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे ती हक्कानं मागा. गाठ लागली, बोंडातून रक्त आलं किंवा कातडीला खळगा पडला, तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांपैकी जो जवळ पडेल तिथे जा आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची तपासणी करून घ्या.

कुष्ठरोग, हत्तीपाय, सिकलसेल यांचं निदान होतं का?

होत नाही. कुष्ठरोगाचं निदान चट्ट्यातली बधिरता, जाड झालेल्या नसा आणि गरजेप्रमाणे कातडीचा नमुना पाहून होतं. हत्तीपायाचे जंतू रक्तात प्रामुख्यानं रात्री सापडतात, म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दारात येतात. त्यांना परत पाठवू नका. सिकलसेलला रक्ताचीच तपासणी लागते.

कंबर आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी फोटो काढावा का?

त्यासाठी पैसे खर्च करू नका. गुडघा गरम आहे हे हात लावूनही कळतं, आणि कंबरेच्या दुखण्यात या फोटोमुळे उपचार बदलतात असा भक्कम पुरावा नाही.

तपासणीला येताना काय पाळायचं? उन्हाळ्यात का घेत नाही?

फोटो काढायच्या खोलीत 20 ते 24 अंश तापमान हवं आणि हवेचा झोत अंगावर यायला नको. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा 45 च्या वर जातो. पायाची कातडी एरवी 30 अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवाच तिच्यापेक्षा गरम झाली तर गरम जागा उठून दिसत नाही. कूलर लावला तर ज्या बाजूनं झोत येतो तो पाय गार पडतो आणि नसलेला फरक दिसतो. एका एप्रिलमध्ये माझी अशीच फसगत झाली होती. सहा जणांचे उजवे पाय ओळीनं गार आले, तेव्हा लक्षात आलं की कूलर उजवीकडे होता. तेव्हापासून शिबिरं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी.

आदल्या दोन तासांत खर्रा, तंबाखू, बिडी आणि चहा टाळा. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटं गार दिसतात. खर्रा सोडवत नसेल तर निदान खरं सांगा, आम्ही फोटो उशिरा काढू. पायाला तेल, बाम, हळदीचा लेप नको. उन्हातून आलात तर आधी सावलीत बसा. मग आम्ही तुम्हाला पाय उघडे करून 15 मिनिटं बसवतो, तळवे फरशीला न टेकवता, कारण फरशी उष्णता ओढून घेते.

घरी असा कॅमेरा घ्यावा का?

गरज नाही. शुगरवाल्यांनी घरी उष्णता मोजणारी साधी बंदूक वापरली तरी चालतं. मात्र तिच्यात अंगाचा ताप आणि वस्तूचं तापमान असे दोन मोड असतील तर वस्तूचा लावा. ताप मोजायच्या मोडमध्ये मशीन कपाळाच्या हिशोबानं आकडा बदलून दाखवतं. जवळ धरा, लांबून धरलं तर आजूबाजूचीही जागा मोजली जाते. रोज सकाळी उठल्यावर, चालायला लागण्याआधी दोन्ही तळव्यांच्या त्याच सहा जागा मोजा: अंगठा, अंगठ्याचं मूळ, मधल्या बोटाचं मूळ, करंगळीचं मूळ, तळव्याचा मध्य आणि टाच. कॅलेंडरवर लिहून ठेवा. बंदूकही नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसानं हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही पाय चाचपून पाहावेत, लेकराचा ताप पाहतो तसे. स्वतःचा हातही बधिर असू शकतो, म्हणून दुसऱ्याचा.

बैलांसाठी चालतो का?

हो. जनावरांच्या डॉक्टरांकडे लंगडणाऱ्या जनावराचा खूर किंवा सांधा शोधायला आणि गाईच्या कासेची सूज पाहायला याचा वापर होतो. अंग कोरडं आणि चिखल धुतलेलं हवं. आमच्या शिबिरात मात्र बैल आणू नका, त्यातलं आम्हाला कळत नाही.

येताना सोबत काय आणायचं?

शुगरचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांचं पाकीट आणि घरातलं एक माणूस. चप्पल नवी घालून येऊ नका, रोज शेतात घालता तीच घालून या. तुमच्या पायाचा फोटो काढून झाला की आम्ही ती चप्पल उलटी करून पाहतो आणि आत हात फिरवतो. मागच्या हंगामात अशा चार चपलांमधून काटे निघाले आणि एकीतून अर्धा इंच वर आलेला खिळा. तिच्या मालकाच्या टाचेवर फोटोत पांढरा ठिपका होता.